जावेच्या माहेरची कॉट

टेम्पो आमच्या गल्लीत शिरेना. त्यामुळे सामान कोपऱ्यावरच उतरवलं आणि हमालांनी ते एकेक करून घरापर्यंत आणलं. टेम्पो दारापर्यंत आला असता तर शेजारच्या दोघीचौघींनी पाहिलं असतं; आता अख्ख्या गल्लीनं पाहिलं. आधी आली लहान लेकराची कॉट. पांढरी शुभ्र, चारी बाजूंनी गज, त्यातली एक बाजू खाली-वर सरकणारी. मग खणाखणांचं एक कपाट, त्यावर ससे रंगवलेले. मग गादी, उशा, लोड, कॉटच्या आतून चौफेर बांधायच्या फुगीर गाद्या, आणि सगळ्यात शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं एक मऊ अस्वल, बाळापेक्षा मोठं.

हे सगळं माझ्या धाकट्या जावेच्या माहेरून, अकोल्याहून आलं होतं. तिचं बाळंतपण तिथं झालं, बारसंही तिथंच झालं. आता ती लेकराला घेऊन नांदुऱ्याला, आमच्या एकत्र घरी परत आली होती.

मी मधल्या खोलीच्या दारात उभी राहून सामान जाताना बघत होते. त्या खोलीत मी आदल्या दिवशी झोळी बांधून ठेवली होती. माझी एक जुनी सुती साडी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आढ्याच्या कडीला दोर यांनी लावून दिला होता. ती झोळी जरा बाजूला सारून हमालांनी कॉट आत नेली. सासूबाई मागोमाग गेल्या आणि गजांवरून हात फिरवत म्हणाल्या, "पाह्य व माय, काय कॉट हाये! आपल्या घरात असं कोणाच्याच लेकराले नोतं आलं."

आमच्या घरात दुसरं लेकरूच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दवाखाने झाले, नवस झाले, आणि मग आम्ही दोघांनी तो विषय बंद केला. यांचं धान्याचं दुकान होतं, मी घरी शिवणकाम करायचे. दीर रेल्वे स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचे आणि जाऊ सोनाळ्याकडच्या एका शाळेवर शिक्षिका होती. ती गरोदर राहिली तेव्हाच ठरलं होतं की रजा संपली की लेकरू माझ्याकडे राहील. मोठीआई म्हणून. त्या दिवसापासून मी वाट पाहत होते. आणि आता त्या पांढऱ्या कॉटकडे बघताना मला वाटलं, या घरात त्याचं म्हणून जे जे असेल ते सगळं तिकडूनच येणार. माझ्याकडून काय, तर जुनी साडी.

जाऊ वाईट नव्हती. हे मी तेव्हाही जाणून होते आणि त्याचाच जास्त राग यायचा. ती आली, वाकून पाया पडली आणि बाळाला माझ्या हातात दिलं. "घ्या ताई, तुमचं लेकरू." किती सहज म्हणाली! ज्याच्याकडे भरपूर असतं त्यालाच असं सहज देता येतं.

लस द्यायला त्याला खामगावच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दीर दुकानात अडकले, म्हणून मी सोबत गेले. डॉक्टर वयस्क होते, बोलायला शांत. लस दिल्यावर त्यांनी विचारलं, बाळ झोपतं कुठं आणि कसं? जावेनं मोठ्या कौतुकानं मोबाईलवर फोटो दाखवला. कॉट, भोवती फुगीर गाद्या, डोक्याखाली सासूबाईंनी शिवलेली मोहरीची उशी, बाजूला लोड, पायाशी अस्वल.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. "कॉट ठेवा," ते म्हणाले. "बाकी सगळं काढा."

"सगळं?" जाऊ म्हणाली.

"उशी नको, लोड नको, अस्वल नको, भोवतीच्या गाद्या तर अजिबात नको. एवढ्या लहान बाळाचं तोंड मऊ कापसात दबलं तर त्याला मान वळवून बाजूला होता येत नाही. रडण्याचाही आवाज येत नाही. कडक, सपाट गादी, त्यावर घट्ट बसलेली चादर, आणि बाळ पाठीवर. झालं."

"पण डोक्याले आकार नाही येत ना मोहरीच्या उशीशिवाय. आमच्या सासूबाई म्हणतात..."

"आकार येतो आपोआप. सासूबाईंना माझं नाव सांगा."

खरं सांगायचं तर मला हर्ष झाला. अकोल्याचं अस्वल कॉटबाहेर जाणार! मी गंभीर तोंड करून मान डोलवत होते, पण आत नुसत्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "आणि दिवसा ताई त्याले झोळीत झोपवतात. ते चालते का डॉक्टर?"

"जरा वेळ खेळवायला ठीक. झोपायला नको. झोळीत बाळ वाकडं होतं, हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते. झोप लागली की उचलून सपाट ठेवायचं."

घरी आल्यावर तिनं तिच्या गाद्या सोडल्या, मी माझी झोळी सोडली. अस्वल कपाटावर गेलं, साडी ट्रंकेत. सासूबाई मोहरीची उशी हातात घेऊन बराच वेळ बसून होत्या. "आमची लेकरं का बिनडोक्याची निंगाली का बे?" असं त्या कोणाला तरी विचारत होत्या.

रजा संपली आणि जाऊ शाळेत जाऊ लागली. सकाळी ती दारातून बाहेर पडली की दिवस माझा. त्याची आंघोळ, त्याची खिमट, त्याची झोप. शिवणयंत्र मी कॉटपासून लांब हलवलं. कात्री, सुया, बटणं सगळं वरच्या फळीवर टाकलं. तो पालथा पडू लागला, मग सरकू लागला. शेजारणी यायच्या तेव्हा मी त्याला मुद्दाम मांडीवरून उतरवत नसे. कोणी नवखी बाई म्हणायची, "तुमच्यावरच गेलं लेकरू," आणि मी ते दुरुस्त करायला जरा उशीर लावायचे.

पण संध्याकाळ व्हायची. गल्लीच्या टोकाला जावेच्या चपलांचा आवाज यायचा, तो आवाज त्याला माझ्या आधी कळायचा. माझ्या कडेवर असतानाच तो दाराकडे झोकून द्यायचा. दिवसभर ज्याला भरवलं, ज्याचं सगळं धुतलं, तो असा झेप घ्यायचा की मला वाटायचं मी माणूस नाही, एखादं स्टेशन आहे. गाडी येईपर्यंत थांबायची जागा. जाऊ त्याला छातीशी धरून विचारायची, "आज काय काय केलं यानं, ताई?" मी सांगायचे; पण कमी सांगायचे. काही गोष्टी स्वतःपुरत्या ठेवायचे.

तो कॉटचे गज धरून उभा राहू लागला, तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. ती खाली-वर होणारी बाजू वर ओढली की दोन्ही टोकांना खट्ट असा आवाज यायचा. आता उजवीकडून यायचा, डावीकडून येत नव्हता. मी वाकून पाहिलं. डावीकडच्या प्लॅस्टिकच्या खिटीचा दात झिजला होता. बाजू वर दिसायची, पण त्या टोकाला नुसती टेकलेली असायची.

संध्याकाळी मी जावेला दाखवलं. "ही खिटी धरत नाही वं. हा आता उभा राह्यते, अंगाचा जोर देते."

तिनं बाजू हलवून पाहिली. "धरते की ताई. नवी तर आहे."

"नवी असली तरी..."

"ताई." ती एकदम थांबली. "तुमाले माह्या माहेरचं काहीच काऊन पटत नाही? आधी गाद्या काढल्या, ते डॉक्टरनं सांगतलं म्हणून. मग मी वॉकर आणला तर तो तुमी माळ्यावर टाकला."

वॉकरचं खरं होतं. आमच्या घराला उंच ओटा आहे आणि त्याला दगडी पायऱ्या. चाकाच्या त्या गाड्यात लेकरू बसलं की मोठ्या माणसाला हात पुढं करायच्या आत उंबऱ्यापाशी पोचतं. मी तो माळ्यावर टाकला आणि त्याचं कारण तिला सांगितलंही होतं. पण टाकताना हाताला जो जोर आला होता तो नुसत्या पायऱ्यांच्या भीतीचा नव्हता, हे तिनं ओळखलं होतं.

दिरांनी येऊन कॉट गदागदा हलवली. "काई होत नाही वहिनी. मजबूत हाये." यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू जाऊ दे ना. तिचं लेकरू, तिची कॉट. लोकं काय म्हणतीन?"

लोक काय म्हणतील ते मला माहीत होतं. आणि खरी अडचण ही होती की मलाही खात्री वाटेना. त्या खिटीत मला दोष दिसत होता तो खिटीत होता म्हणून, की ती अकोल्याहून आली होती म्हणून? मत्सर करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर दुसऱ्यांचा विश्वास बसत नाही, हे एक वेळ चालतं. त्याचा स्वतःचाही बसत नाही, ते फार वाईट.

मी शिवणकामातली एक जाड पट्टी घेऊन डावं टोक बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडलेली होती. जाऊ म्हणाली, "लेकराच्या हाताशी नाडी-दोरी नको म्हणतात ना? गळ्याभोवती आली म्हणजे?" तिचं बरोबर होतं. तिच्या तोंडावर जिंकल्याचं थोडं हसू होतं, तसं माझ्या तोंडावर खामगावला असणार.

मग मी एवढंच केलं. कॉटच्या त्या बाजूला खाली फरशीवर एक जुनी जाड गादी टाकून ठेवली. कोणी विचारलं तर सांगायचं, ऊन दाखवायला काढली आहे.

तो रविवार होता. जाऊ घरीच होती, म्हणजे दिवस माझा नव्हता. ती त्याला कॉटमध्ये ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. त्याचा आवाज येत होता. गज धरून उभा राहून तो "आं, आं" करत होता. मुद्दाम गेले नाही. आज त्याची आई घरी आहे, ती बघेल, असं मनात म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

मग लाकूड घसरल्याचा आवाज आला. त्यानंतर एक क्षण काहीच नाही. आणि मग किंकाळी.

मी पिठाच्या हातांनी धावले. ती बाजू डाव्या टोकानं खाली निसटून तिरपी झाली होती. तो तिच्यावरून डोक्याच्या दिशेनं कोसळून गादीवर पडला होता, पण त्याचा एक हात वर, तिरप्या झालेल्या बाजूत आणि कॉटच्या खांबात अडकला होता. ओठ फुटून रक्त येत होतं. मी एका हातानं त्याला उचलून धरलं म्हणजे हातावर वजन येऊ नये, आणि खांद्यानं ती बाजू वर रेटली. हात सुटला. मी त्याला छातीशी घेतलं. "झालं रे राजा, झालं, मोठीआई आली."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून दाराकडे दोन्ही हात पसरून ओरडत होता. दुखावलेला हातही पसरत होता. जाऊ जिन्यावरून धडधडत आली आणि तो तिच्या अंगावर गेला. गेला म्हणजे माझ्या हातून निसटला. तिच्या मानेत तोंड खुपसल्यावरच त्याचा आवाज उतरला. माझ्या ब्लाउजवर त्याचं रक्त होतं आणि तिच्या मिठीत तो होता. त्या क्षणी, इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही, मला तिचा हेवा वाटला. लपवून काय उपयोग?

खामगावच्या डॉक्टरांनी हाताचा फोटो काढायला लावला. हाड शाबूत होतं, सूज होती. ओठाला टाका लागला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "डोक्यावर पडला ना? खाली काय होतं? फरशी?"

"गादी होती," जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताईंनी टाकून ठेवली होती. त्यांनी मले खिटीचंही सांगतलं होतं. मी ऐकलं नाही."

"मोठ्या बाईंचे उपकार माना," डॉक्टर म्हणाले.

तो तिच्या मांडीवर हुंदके देत पेंगत होता, तिचं बोट मुठीत धरून. मला मोठेपणा मिळाला होता आणि तिला लेकरू मिळालं होतं. कोणी विचारलं असतं तर मी अदलाबदल केली असती.

घरी आल्यावर अकोल्याहून फोन आला. तिच्या आईचा आवाज स्पीकर नसतानाही खोलीभर ऐकू येत होता. "अगं पण तुझी जाऊ घरी होती ना? मग लक्ष कोणाचं होतं?"

मी ताट वाढत होते. हात थांबले.

"आई, मी घरी होते," जाऊ म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. आणि ताई नसत्या तर त्याचं डोकं फरशीवर आपटलं असतं. कॉटची खिटी खराब होती." तिनं फोन ठेवला आणि ती पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुटी टाकली. दिरांनी ती सरकणारी बाजू बोल्ट लावून कायमची पक्की केली आणि आतली फळी सगळ्यात खालच्या पातळीवर उतरवली, म्हणजे तो उभा राहिला तरी कठडा त्याच्या छातीच्या वर येईल. जाऊ स्वतः बाजारात जाऊन लोखंडी क्लॅम्प आणि भिंतीत बसवायचे स्क्रू घेऊन आली. "ताई, ते सशांचं कपाटही पाहून घेऊ. हा आता खण ओढते. सगळे खण बाहेर आले अन् हा त्यावर चढला तं कपाट याच्यावरच येईन."

दुपारी तो झोपला असताना आम्ही दोघींनी ते काम केलं. मी कपाट भिंतीला दाबून धरलं, तिनं मागच्या फळीला क्लॅम्प लावले. भिंतीला भोक पाडायचं यंत्र दिरांच्या दुकानातलं होतं. त्याच्या आवाजानं लेकरू उठेल म्हणून ती थांबून थांबून भोक पाडत होती. वरचं अस्वल तिनंच उचलून पलंगाखाली ढकललं. "हे दिसलं की त्याले वर चढाव वाटते," ती म्हणाली.

स्क्रू पिळता पिळता ती मधेच म्हणाली, "ताई, एक सांगू? तुमचा मले कवा कवा लय राग येते."

"माहा? काऊन वं?"

"मी तथी शाळेत लोकांच्या पोरांले बाराखडी शिकवत बसते. अन् माह्या पोराचा पहिला शब्द तुमी ऐकता."

मी कपाट धरूनच उभी होते. "पहिला शब्द 'बा' होता," मी म्हटलं. "बादलीकडे पाहून म्हणत होता."

ती खुदकन हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हात सोडता येत नव्हते. मी म्हटलं, "पहिले तो स्क्रू पक्का कर." तिनं केला.

यामुळे माझं पोटात दुखणं थांबलं असं नाही. संध्याकाळी चपलांचा आवाज आला की तो तसाच झेपावायचा आणि मला तसंच व्हायचं. एवढंच झालं की मी तिला दिवसाचं सगळं सांगू लागले, काही न राखता. सांगताना तिचा चेहरा बघायचे. आनंद असायचा, आणि त्याच्या कडेला थोडी जळजळ. ती ओळखीची होती. त्यामुळे मला बरं वाटायचं.

पावसाळ्यानंतर एकदा मी त्याचे कपडे घडी घालत बसले होते. वळून पाहते तर त्यानं खालचे दोन्ही खण ओढले होते आणि खालच्यात पाय ठेवून तो वर चढला होता. कपाटातून करकर आवाज आला. मी हात पुढं करेपर्यंत त्याचं सगळं वजन पुढं आलं होतं. कपाट जागचं हललं नाही. मी त्याला उतरवलं, खण लावले आणि मागचे क्लॅम्प एकेक करून हलवून पाहिले. त्याच दिवशी खणांना मुलांच्या हातानं न उघडणाऱ्या कड्या लावल्या.

तो चालू-बोलू लागला आणि जावेची बदली झाली, दुसरबीडच्या बाजूला. जिल्हा तोच, पण नांदुऱ्याहून रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. तिथं खोली घ्यावी लागणार होती. दीर आठवड्याला जाऊन येणार होते. लेकरू अर्थात आईबरोबर. यात 'अर्थात' हा शब्द सासूबाईंचा.

मी मांडामांड करून द्यायला सोबत गेले. खोली चांगली होती, रस्त्यापासून आत. मी सगळ्यात आधी पलंग खिडकीपासून लांब ओढला, कारण खिडकीला गज नव्हते. कपाट भिंतीला पक्कं केलं, या वेळी यंत्र मीच चालवलं. टीव्ही टेबलाच्या कडेला होता, तो मागं सरकवून त्याची वायर लपवली. जाऊ दारात उभी राहून बघत होती.

शेजारची एक तरुण बाई त्याला दिवसभर सांभाळणार होती. हसरी, चपळ. तिला स्वतःची दोन शाळेत जाणारी मुलं होती. ती आली, टाळी वाजवली, "ये रे ये," म्हणाली, आणि तो गेला. लगेच गेला! माझ्या कडेवरून तिच्या कडेवर, आणि तिच्या बांगड्यांशी खेळू लागला. जावेकडे तो झेपावायचा ते मी समजून घेतलं होतं, ती आई होती. पण ही कोण?

मी तिला सगळं सांगितलं. झोपताना अंगाशी काय नको, गरम चहा खाली कधीच ठेवायचा नाही, खुर्ची बाहेरच्या ओट्याच्या कठड्याला लावून ठेवायची नाही, तो चढतो. मी बराच वेळ बोलले आणि थोडं कडक बोलले. तिनं नीट ऐकलं. "बरं ताई, लक्षात ठेवते मी. काळजी करू नका तुम्ही." त्या बोलण्यातही काही खोट काढता आली नाही.

निघताना जावेनं माझा हात धरला. ती म्हणाली, "सकाळी मी निघीन तवा तो आता हिच्याकडे जाईन. मले तुमच्यापेक्षा हिचा जास्त राग येईन का ताई?"

"मले तं आत्ताच येऊन राह्यला," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो, पण फार नाही.

परवा दुपारी त्याला सांभाळणाऱ्या त्या शेजारणीचा फोन आला. "पडला का तो?" मी आधी हेच विचारलं. पण ती मजेत होती. "ताई, एक विचारायचं होतं. हे बाळ पलंगावरून उतरताना आधी पालथं होतं, मग पाय खाली सोडतं, जमिनीला टेकल्यावरच हात सोडतं. माझ्या पोरांना असं कधीच जमलं नव्हतं, डोक्यावर पडायची. हे तुम्ही शिकवलं का?"

"हाव," मी म्हटलं. "मीच शिकवलं."

किती दुपारी लागल्या होत्या त्याला, मी कसं त्याचे पाय धरून खाली सोडायचे, तो कसा हसायचा, हे मला तिला सांगायचं होतं. पण मागून त्याचा आवाज आला. "ठेवते हं ताई, उठला तो," असं म्हणून ती त्याच्याकडे गेली.